इतक्या छोट्या शाळेत लपायचं कुठे?

ताई,
माझी मुलगी नववीत आहे. शाळा कॅथलिक सिस्टरांची, अगदी लहान. तिच्या वर्गात 19 मुलं आहेत. आम्ही ख्रिस्ती नाही. शिस्त चांगली आणि लक्ष वैयक्तिक, म्हणून पाचवीत तिथे घातलं. मागच्या वर्षी तिने एका निबंधात इंटरनेटवरचे दोन परिच्छेद जसेच्या तसे उतरवले. बाईंनी तिचा निबंध आणि मूळ मजकूर वर्गात शेजारी शेजारी वाचून दाखवला. तिने माफी मागितली, निबंध पुन्हा लिहून दिला. पण तेव्हापासून काहीही चांगलं लिहून दिलं की बाई विचारतात, "हे तुझंच ना?" त्याच बाई भाषा आणि इतिहास शिकवतात, वर्गशिक्षिकाही त्याच, आणि दहावीलाही त्याच असणार. आता ती मोजून चार ओळी लिहिते आणि वही मिटते. हल्ली मधल्या सुट्टीत दहा-पंधरा मिनिटं शाळेच्या चॅपलमध्ये, म्हणजे प्रार्थनाघरात, जाऊन बसते, हे तिच्या मैत्रिणीकडून कळलं. सासूबाई घाबरल्यात. म्हणतात, "पोरगी हातची जाईल, आधी काढा तिथून." तिच्या वडिलांना वाटतं की मोठ्या शाळेत घालावं, तिथे कुणी कुणाला ओळखत नाही, नवी सुरुवात होईल. शिवाय इथे निवडायला विषयही कमी. माझा निर्णय होत नाही. शाळा बदलू का?
– एक आई

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात बाईंचं मत आहे, सासूबाईंचं आहे, तुमच्या यजमानांचं आहे, मैत्रिणीने दिलेली खबरही आहे. मुलीला काय हवंय, ते कुठेच नाही. तुम्ही तिला विचारलं नसेल असं मी म्हणत नाही. विचारलं असेल आणि ती खांदे उडवून निघून गेली असेल, चौदा वर्षांची मुलं तसंच करतात. तरी माझ्या उत्तराची सुरुवात तिथूनच आहे. शाळा बदलायची की नाही, हे ठरवण्याआधी तिचं उत्तर आपल्याकडे हवं, आणि ते मिळायला थोडे दिवस लागणार आहेत. तेवढे दिवस द्या. वर्षाच्या मध्यात तिला शाळेतून काढून घेण्याइतकी घाई या प्रकरणात मला दिसत नाही.

मी स्वतः अशाच एका लहान शाळेत बरीच वर्षं शिकवलं. तीही सिस्टरांचीच होती. त्यामुळे तुमची मुलगी कुठे अडकली आहे, ते मला चांगलं कळतं. लहान शाळेचं सगळ्यात मोठं देणं आणि सगळ्यात मोठा त्रास एकच असतो: तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात. आजारी मूल चार दिवस आलं नाही तर पाचव्या दिवशी घरी फोन जातो. कुणाच्या घरी काय चाललंय, कुणाचा चष्म्याचा नंबर वाढला, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं ठाऊक असतं. मोठ्या शाळेत मूल चुकलं तर पुढच्या तासाला दुसरे शिक्षक येतात, त्यांना काही माहीत नसतं. लहान शाळेत पुढच्या तासालाही त्याच बाई येतात. आणि दुसऱ्या आल्या, तरी त्या मधल्या सुट्टीत पहिल्या बाईंच्याच टेबलावर बसलेल्या असतात.

त्या टेबलावर मीही बसले आहे. आम्ही सात जणी होतो. आठवीतला एक मुलगा गृहपाठ का केला नाही याची रोज नवी कारणं सांगायचा. ती खोटी होती हे मला कळत होतं. एक दिवस मी टेबलावर म्हणाले, "तो खोटं बोलतो." बोलायला दोन सेकंदं लागली असतील. आठवडाभरात साती जणींना ते पाठ झालं होतं, आणि पुढची अडीच वर्षं त्या मुलाने खरं सांगितलं तरी आम्ही एकमेकींकडे बघायचो. घरी आई अंथरुणाला खिळलेली होती आणि तिचं सगळं तो करत होता, हे मला तो शाळा सोडून जाताना कळलं. तो म्हणाला, "टीचर, तुम्ही मला बाहेर बोलावून विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं." मी त्याची माफी मागितली. त्याची अडीच वर्षं मात्र मला परत करता आली नाहीत.

हे तुम्हाला सांगते, कारण तुमच्या मुलीच्या बाई दुष्ट आहेत असं मला वाटत नाही. मी तरी दुष्ट नव्हते. त्या एका जुन्या नोंदीवर थांबल्या आहेत, एवढंच. ती नोंद पुढे सरकवायची असेल, तर कुणीतरी त्यांच्याशी बोललं पाहिजे.

नोंदीवरून एक जुनी गोष्ट आठवते. फ्रान्समधल्या रेम्स शहरात जाँ-बाप्तिस्त द ला साल नावाचे एक धर्मगुरू होते. आजच्या कॅथलिक शाळांवर त्यांचा फार मोठा ठसा आहे. मुलांना एकेकटं समोर बोलावून शिकवण्याऐवजी वर्ग करून शिकवायचं, लॅटिनऐवजी आधी मुलांच्या भाषेत वाचायला शिकवायचं, हे त्यांच्या ब्रदर्सनी, म्हणजे त्यांनी उभ्या केलेल्या संघातल्या शिक्षकांनी, गरिबांच्या शाळांमध्ये रुजवलं. 1950 मध्ये पोप पायस बारावे यांनी त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलं. या ब्रदर्सनी शाळा कशी चालवावी याची एक नियमावली लिहून ठेवली होती. 1706 ची हस्तलिखित प्रत आहे, आणि ला साल वारल्यावर वर्षभराने, 1720 मध्ये, ती छापली गेली. तिच्यात एक वही सांगितली आहे. वर्षअखेरीस शिक्षकाने प्रत्येक मुलाचे गुण आणि दोष लिहायचे: त्याचा स्वभाव कसा, मन कुठे लागतं, काय केल्याने सुधारतो, काय केल्याने बिथरतो. ती वही मुख्य ब्रदरकडे जायची आणि पुढच्या वर्गाच्या शिक्षकाला वाचायला मिळायची.

म्हणजे मुलाची ओळख एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे जाते, ही गोष्ट या शाळांच्या मुळातच आहे. पण त्या वहीत गुणही लिहायचे होते, ती दर वर्षी नव्याने लिहायची होती, आणि या मुलाला हाताळायचं कसं हेही तिच्यात यायचं. तुमच्या मुलीच्या नावापुढे सध्या फक्त दोष आहे, आणि तोही मागच्या वर्षीचा. तिथे नवी नोंद कशी होईल, हे आपल्याला बघायचं आहे.

आता बाईंना भेटायचं. आधी मुख्याध्यापिका सिस्टरांकडे जाऊ नका. वरून निरोप आला की कुठल्याही शिक्षिकेचं मन आक्रसतं, आणि लहान शाळेत तो निरोप कुणामुळे आला हे लपत नाही. वेळ मागून घ्या आणि शाळा सुटल्यावर, रिकाम्या वर्गात बसा. "तुम्ही माझ्या मुलीवर अन्याय केला" हे मनात असेल तरी पहिलं वाक्य ते नको. तिने चोरी केली होती, ती तुम्हाला मान्य आहे, हे आधी सांगा. (आणि घरीही "सगळेच करतात, त्यात काय एवढं" असं कुणी म्हणत असेल तर ते आजपासून बंद. दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून देणं ही चूकच होती, आणि तिला ते कळलंय.) मग बाईंना सांगा की ती आता चारच ओळी लिहिते. हे त्यांना ठाऊक असेलच, पण का लिहिते ते कदाचित नसेल. त्यांना वाटत असेल की मुलगी आळशी झाली किंवा रागावली आहे.

त्यानंतर दोन गोष्टी मागा. पहिली, "हे तुझंच ना?" हा प्रश्न वर्गासमोर नको. शंका आली तर विचारायचा त्यांना पूर्ण हक्क आहे, पण एकटीला, बाजूला बोलावून. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. तिचं लेखन घडताना बाईंना दिसेल असं काही काम तिला द्यायला सांगा. पहिला कच्चा खर्डा वर्गात बसून, दुसरा घरी, तिसरा बाईंच्या खुणा बघून, आणि तिन्ही एकाच वहीत, खाडाखोडीसकट. खाडाखोड असलेली वही समोर असली की "तुझंच ना?" विचारायची वेळच येत नाही. "झालं गेलं विसरा" असं बाईंना म्हणू नका. विसरणं माणसाच्या हातात नसतं. जुन्याच्या शेजारी नवं लिहिणं मात्र हातात असतं.

मला वाटतं, बाई बहुतेक ऐकतील. ज्या परंपरेतल्या शाळेत त्या शिकवतात, तिच्यातच याला आधार आहे. सलेशियन या कॅथलिक संस्थेचे संस्थापक, धर्मगुरू डॉन बॉस्को यांनी 1884 मध्ये रोमहून इटलीतल्याच तुरीन शहरातल्या आपल्या मुलांना आणि सहकाऱ्यांना एक पत्र पाठवलं होतं. आपण मुलांवर प्रेम करतो एवढ्याने भागत नाही, ते प्रेम मुलांना जाणवलं पाहिजे, असा त्याचा गाभा आहे. मोठी माणसं मुलांमध्ये मिसळायची थांबली, लांबून नुसती नजर ठेवू लागली, की विश्वास जातो, ही त्यांची तक्रार होती. तुमच्या मुलीच्या बाबतीत नेमकं हेच झालंय. तिच्यावर सगळ्यांचं लक्ष आहे, पण तिच्यापाशी कुणी बसलेलं नाही.

इथेच चॅपलचा प्रश्न येतो. तुमच्या घरात सगळ्यात जास्त भीती त्याचीच आहे.

त्या शाळेतली तिची जागा जरा डोळ्यांसमोर आणा. वर्गात 19 जण, सगळ्यांनी तो निबंध ऐकलेला. मैदानावर तेच 19. ग्रंथालयात बहुधा त्याच बाई. जिन्यात, पाण्याच्या नळापाशी, सगळीकडे ओळखीचे चेहरे. एवढ्या लहान शाळेत एक मुलगी कुणी काही न विचारता दहा मिनिटं बसू शकेल अशी किती ठिकाणं असतात? मी शिकवत होते त्या शाळेत एकच होतं. अर्धा अंधार, एक छोटा अखंड दिवा, आणि कुणी बोलायचं नाही असा नियम. परीक्षेच्या दिवसांत, घरात भांडण झालेलं असताना, मैत्री तुटल्यावर, सगळ्या धर्मांची मुलं तिथे येऊन बसायची. शिक्षिकाही बसायच्या. त्या मुलाचं कळल्यानंतर मीही बसले होते, आणि मीही ख्रिस्ती नाही.

म्हणून माझा पहिला अंदाज असा की तुमची मुलगी तिथे लपायला जाते. हा अंदाजच आहे. खरं काय ते तिलाच विचारावं लागेल, पण उलटतपासणी नको. "तू चॅपलमध्ये का जातेस?" असं विचारलंत तर मैत्रिणीने चुगली केली एवढंच तिला कळेल, आणि लपायची शेवटची जागाही जाईल. एखाद्या संध्याकाळी दोघीच असताना तुमच्या शाळेच्या दिवसांतलं काही सांगा, तुम्ही कुठे लपायचात ते. मग गप्प बसा. बोलली तर ऐका. नाही बोलली तर आठवड्याने पुन्हा.

सासूबाईंच्या भीतीला मी हसणार नाही. नातीवरच्या मायेतूनच ती आली आहे, आणि तिला सरळ उत्तर मिळायला हवं. कॅथलिक शाळा आपला धर्म लपवत नाही आणि लपवणारही नाही. प्रार्थना होईल, सणाला मिस्सा, म्हणजे चर्चमधला सामूहिक उपासनाविधी, होईल, संतांच्या गोष्टी सांगितल्या जातील. प्रवेश घेतला तेव्हाच हे आपण पत्करलेलं असतं. पण चर्चचे स्वतःचे नियमही तितकेच स्पष्ट आहेत. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 7 डिसेंबर 1965 च्या जाहीरनाम्यात धर्मस्वातंत्र्य हा माणसाच्या प्रतिष्ठेतून येणारा हक्क मानला. 1983 च्या चर्च कायद्यात, 748 व्या कलमात, कुणालाही त्याच्या विवेकाविरुद्ध कॅथलिक श्रद्धा स्वीकारायला भाग पाडणं कधीही योग्य नाही, असं म्हटलंय. आणि 1988 मध्ये व्हॅटिकनच्या शिक्षण विभागाने खास कॅथलिक शाळांसाठी काढलेल्या दस्तऐवजात, इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या विवेकस्वातंत्र्याचा मान राखला पाहिजे असं सांगितलंय. त्याच दस्तऐवजात धर्माची माहिती देणारा तास आणि श्रद्धावंतांना श्रद्धेत घडवणारी कॅटेकिझमची शिकवण यांत फरक केला आहे. तुमची मुलगी यांपैकी कोणत्या तासाला बसते, हे शाळेला खुशाल विचारा. हा अवघड प्रश्न नाही, तिथे तो नेहमी विचारला जातो.

मिस्साच्या वेळी काय करायचं, याचाही मुलांना फार ताण येतो, आणि घरी ती तो सांगत नाहीत. तिला सांगून ठेवा: सगळे उभे राहिले की उभं राहावं, बसले की बसावं, शांत असावं. गुडघे टेकायची किंवा क्रूसाची खूण करायची गरज नाही. कम्युनियन, म्हणजे मिस्सातला पवित्र प्रसाद, घ्यायला रांग लागते तेव्हा आपण जागेवरच बसायचं. ती कॅथलिकांसाठी आहे, त्यामुळे न जाण्यात कुणाचा अपमान होत नाही. उलट, नीट न कळता रांगेत जाणं त्यांनाही खटकेल. एवढं माहीत असलं की मूल निम्मं मोकळं होतं.

आणि समजा, ती लपायला नाही, खरंच काही शोधायला तिथे जात असेल तर? चौदाव्या वर्षी मुलं मरणाबद्दल, देवाबद्दल, चूक आणि क्षमा यांबद्दल विचार करू लागतात. तिच्या हातून एक चूक झाली आहे, आणि माफ केलं म्हणणारे तिला मनातून माफ करत नाहीत, असा तिचा अनुभव आहे. जिथे क्षमेबद्दल बोललं जातं, तिथे तिचे पाय वळले तर नवल नाही. तसं असेल तर तिच्याशी बोला, तुमच्या घरच्या श्रद्धेत क्षमेला काय स्थान आहे ते तिला सांगा, आजीलाही सांगू द्या. बंदी घातलीत तर ती बोलायची थांबेल. मात्र एक गोष्ट दिसली तर वेळ घालवू नका. कुणी मोठं माणूस तिला एकटीला बोलावतंय, काही आमिष दाखवतंय, "घरी सांगू नकोस" म्हणतंय, असं कळलं तर त्याच दिवशी थेट मुख्याध्यापिकांकडे जा, आणि तिथे ऐकलं नाही तर त्यांच्यावरच्या व्यवस्थापनाकडे. "घरी सांगू नकोस" हे वाक्य कुठल्याही शाळेत, कुठल्याही कारणासाठी, धोक्याचं असतं.

तुमच्या यजमानांचं म्हणणंही नुसतं टाकून देण्यासारखं नाही. अनोळखी गर्दीत नवी सुरुवात होते, कधी कधी तीच लागते. पण त्या गर्दीत काय मिळत नाही, तेही बघू या. 1964 मध्ये रॉजर बार्कर आणि पॉल गंप या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लहान-मोठ्या माध्यमिक शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोठ्या शाळेत उपक्रम जास्त होते, पण लहान शाळेतल्या मुलांच्या वाट्याला जबाबदारीची कामं जास्त येत होती. कारण साधं आहे. नाटकात दहा पात्रं लागतात, वर्गात 19 मुलं आहेत, त्यातली काही आजारी. मग जो नेहमी मागे राहतो, त्यालाही उभं राहावं लागतं. या अभ्यासात मला सगळ्यात भावलेली गोष्ट ही की लहान शाळांमध्ये अभ्यासात मागे असलेल्या मुलांनाही "मी नसेन तर अडेल" असं वाटत होतं. मोठ्या शाळांत तशाच मुलांना ते फारसं वाटत नव्हतं.

तुमच्या मुलीला आत्ता हेच हवंय. तिच्यावाचून अडेल असं एखादं काम. बाईंना भेटाल तेव्हा हेही विचारा. हस्तलिखित अंक, सकाळच्या परिपाठाचं वाचन, ग्रंथालयाची नोंदवही, स्नेहसंमेलनाचं पडद्यामागचं काम, काहीही. फक्त ते निवडू द्या तिलाच. शिक्षा म्हणून दिलेलं काम आणि भरवशाने दिलेलं काम यांतला फरक मुलांना लगेच कळतो.

विषय कमी असल्याचं तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय. शाळा बदलायला ते सगळ्यात सरळ कारण ठरू शकतं. तिला पुढे जे शिकायचंय त्यासाठी लागणारा विषय या शाळेत नसेलच, तर आज ना उद्या जावंच लागेल, आणि त्यात कुणाची हार नाही. पण ते शांतपणे, वर्ष संपताना, तिला बरोबर घेऊन ठरवा. निबंधापासून पळण्यासाठी शाळा बदलली, तर नव्या शाळेत पहिला निबंध लिहिताना ती पुन्हा चार ओळींवर थांबेल, अशी मला भीती वाटते.

या सत्राच्या शेवटापर्यंत वाट बघा. तोवर बाईंशी बोलणं झालं, वर्गासमोरचा प्रश्न थांबला, वहीत ओळी वाढल्या, तर राहू द्या. बाई म्हणाल्या, "ती तशीच आहे," सिस्टरही म्हणाल्या, "बाईंचं बरोबर आहे," आणि मुलगी रोज सकाळी पोट दुखतंय म्हणू लागली, तर माझ्या पुढच्या पत्राची वाट न बघता तिला तिथून काढा. मुलांना मायेने ओळखण्याचं आपलं कामच जी शाळा विसरली, तिच्या लहान असण्याचा मुलीला फक्त जाचच होणार.

आणि बाईंना भेटायला जाण्याच्या आदल्या रात्री मुलीला सांगा की तुम्ही जाताय आणि काय बोलणार आहात. त्यातलं काय बोलू नको असं ती म्हणाली, तर ते बोलू नका. माफी मागितल्यावर तिने जो निबंध पुन्हा लिहून दिला होता, तो कुणी वर्गात वाचून दाखवला का, हेही तिला विचारा. वाचला नसेल आणि तिची हरकत नसेल, तर त्याची प्रत पर्समध्ये घेऊन जा.